पडद्यावरचा उजवा कौल

काष्टीचा शनिवारचा बाजार भरला की हल्ली निम्मे लोक बैलांचे दात बघायचे सोडून गहिनीनाथशेठच्या कॉम्प्युटर क्लासपुढे गोळा होत. दारात चपलांचा ढीग, आत उदबत्तीचा धूर आणि कॉम्प्युटरला झेंडूचा हार. अंगद महाराज आधी फोनची वायर उपटून सगळ्यांना दाखवत आणि मग मशीन चालू करत. कुणाचा हात लागत नसे, तरी पडद्यावर नाथबाबांची मूर्ती उभी राही, घंटा वाजे, वरून पाकळ्या पडत. बायका पदर पसरत आणि गडीमाणसं टोप्या काढत.

"तार न्हाई, काय न्हाई, तरी देव आला," महाराज म्हणत. "इंटरनेट म्हंजे काय? अंतरीचं नेट. ते तुटत नसतं."

हे ज्ञान महाराजांना पुण्यात भाच्याकडे राहून आलेलं. त्याआधी ते टीव्ही दुरुस्त करत आणि त्यांनी हात लावलेला टीव्ही सहसा पुन्हा लागत नसे.

दर्शनानंतर कौल. महाराज वायर परत जोडत आणि पुण्याहून आणलेला वेबसाईटचा पत्ता टाकत. देवाचं पान उघडलं की मूर्तीच्या पुढ्यात एक चौकट येई. तिच्यात इंग्रजी मजकूर आणि खाली दोन बटणं, डावीकडे 'येस', उजवीकडे 'नो'. गावात भैरोबाला कौल लावतात तेव्हा देवाच्या उजव्या अंगाची पाकळी पडली तर होकार समजतात. महाराजांनी हिशेब चोख बसवला होता. देव आपल्याकडे तोंड करून उभा, म्हणजे आपली डावी बाजू ती देवाची उजवी. माणसं एकेक करून येत, देवाचं उजवं बटण दाबत आणि ताटात दक्षिणा टाकून जात.

क्लासात शिकवणारी यशोधरा हे कोपऱ्यात उभी राहून बघे आणि मनातल्या मनात जळे. एकदा तिनं शेठला सांगून पाहिलं. शेठ म्हणाला, मॅडम, देवामुळं चार पोरं क्लासला आली, तुमचं काय जातंय?

तिचं बरंच जात होतं. तिच्या आईला, भिमाबाईला, जात्यावरच्या ओव्या आणि भीमाची गाणी तोंडपाठ होती. क्लास सुटल्यावर यशोधरा तिला मशीनशेजारी बसवून घ्यायची, आई गायची आणि लेक टाईप करायची. मग भिमाबाईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. गाणी उरली ती या मशीनमध्ये आणि यशोधराच्या पर्समधल्या एका फ्लॉपीवर.

त्या शनिवारी सकाळी तिनं सहज एक गाणं उघडलं. आत शब्द नव्हते, नाथबाबा होते. दुसरं उघडलं तर तिथेही पाकळ्या पडत होत्या. एकही गाणं जागेवर नव्हतं. गर्दी जमली तेव्हा ती सरळ पुढे गेली आणि तिनं महाराजांना बाजूला व्हायला सांगितलं.

तिनं पडद्यावर एक वांगं काढलं, देठासकट. मशीन चालू होताना आपोआप काय उघडावं हे ठरवायची एक जागा असते, तिथं ते ठेवलं. वायर उपटली, मशीन बंद करून चालू केलं. नाथबाबांच्या शेजारी वांगं प्रकटलं. पोरं फिदीफिदी हसली.

"हे वांगं स्वयंभू हाय का?" तिनं विचारलं. "मी ठेवलं म्हणून आलं. देव पण कुणीतरी आत ठेवलाय. वायर काढून काय उपयोग, तो कधीच आत शिरलाय."

मग तिनं वायर जोडून ते पान उघडलं आणि चौकटीतलं इंग्रजी मराठीत वाचून दाखवलं. "अनोळखी ठिकाणाहून एक प्रोग्रॅम आला आहे. तो तुमच्या मशीनमध्ये काहीही बदलू शकतो. चालू करायचा का?"

मशीन दर वेळी दारात उभं राहून विचारत होतं आणि गाव दर वेळी 'या' म्हणत होतं. महाराजांनी ताट उचललं. मला इंग्रजी येत नाही, असं पुटपुटत ते पाठच्या दारानं निघून गेले आणि त्यात तरी ते खोटं बोलले नाहीत.

"पन पोरी, देव म्होरं उभा असताना न्हाई कसं म्हनायचं?" म्हाताऱ्या छबूबाईनं विचारलं.

यशोधरानं घुसलेला प्रोग्रॅम शोधून पुसला. शेठ खाली मान घालून म्हणाला, गाणी तेवढी परत ठेवा. तिनं पर्समधून फ्लॉपी काढून आत सारली. सगळं गाव बघत होतं. फ्लॉपी घरघरली आणि तेवढ्यात मागं उघडं राहिलेलं देवाचं पान पुढे आलं, तीच चौकट घेऊन. मध्ये आलेली ती ब्याद घालवायला तिनं घाईघाईनं बटण दाबलं.

घंटा वाजली. फ्लॉपीचा दिवा बराच वेळ जळत राहिला. मग फ्लॉपीवरचं जे गाणं उघडावं त्यातही पाकळ्या पडू लागल्या.

"काय दाबलंस गं?" छबूबाईनं हळूच विचारलं.

"होय दाबलं," यशोधरा म्हणाली. "न वाचता."

ती खुर्चीत बसून सगळ्यांदेखत रडली. तिच्यापुढे ना कुठला देव होता, ना तिची कसली श्रद्धा होती. तिला फक्त घाई होती, आणि घाईनंही भक्तीचंच काम केलं होतं.

संध्याकाळी तिनं आईला सगळं सांगितलं. भिमाबाईनं चांगला हात लेकीच्या डोक्यावर ठेवला आणि एक चाल गुणगुणली. चाल पुरी होती, शब्द एकही नव्हता.

पुढच्या शनिवारी हार काढलेल्या मशीनवर एक कागद चिकटवलेला होता, यशोधराच्या अक्षरात: 'मशीन विचारेल ते आधी वाचा. कळलं नाही तर कळणाऱ्याला विचारा. तोवर नाही म्हणा. नाही म्हटल्यानं कुणाचा कोप होत नाही.' छबूबाईनं तो एका पोराकडून वाचून घेतला. मग कागदाला हात जोडले आणि ती बाजाराला गेली.