बिबड्यांचा उन्हाळा

पुनमच्या गच्चीवर आज बिबड्या पडत होत्या आणि सुलक्षणाला कोणी हाक मारली नव्हती.

दोन्ही घरांच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत. पलीकडून ज्वारीचा घाटा शिजल्याचा वास येत होता, ओल्या तळव्यांनी थापल्याचा चपचप आवाज येत होता, मधूनच हशा. वाळत घातलेला रेवाचा फ्रॉक काढायला म्हणून सुलक्षणा वर आली. खरं तर तो अजून वाळला नव्हता. ती दिसताच हशा जरा खाली आला.

"जेवण झालं का ताई?" पुनमने विचारलं. गेल्या उन्हाळ्यापर्यंत पुनम तिला नुसतं "ए सुलू" म्हणत असे.

"झालं," सुलक्षणा म्हणाली, आणि ओला फ्रॉक घेऊन खाली उतरली.

एरंडोलच्या या गल्लीत ऊन तापलं की आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशी पाळी लागते. ज्वारी भिजवायची, भरडायची, जिरं-तीळ-लसूण घालून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच पापडासारखा कापडावर थापायचा; वाळल्या की झाल्या बिबड्या. थापण्याआधी वाट्या भरायच्या. वर कच्च्या तेलाची धार, आणि मग गल्लीतली पोरंसोरं, आयाबाया, सगळ्यांनी चाटूनपुसून खायचं. खाता खाता तोंडंही सुटायची. "मीठ कुठे गेलं वं तुझं?" "हिला नवऱ्याची आठवण आली, तिखट जास्त पडलं." कोणी रागवायचं नाही. घाटा तिथल्या तिथे सुधारून घ्यायचा.

याच बिबड्यांमधून सुलक्षणाचा धंदा उभा राहिला होता. रेवा काही खायची नाही. चार वर्षांची पोर, डॉक्टरांनी रक्त कमी सांगितलेलं, आणि हट्ट कायम दुकानातल्या चकचकीत पाकिटांचा. त्या पाकिटांवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काय लिहिलेलं असतं ते सुलक्षणा वाचायची आणि तिचा जीव घाबरायचा. धुळ्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलेलं, तेवढं तरी वाचता येत होतं. मग तिने बिस्किटाएवढ्या छोट्या बिबड्या केल्या, तळायच्या नाहीत, भाजायच्या. रेवाने खाल्ल्या. जळगावच्या एका प्रदर्शनात टेबल लावलं तर दुपारपर्यंत टेबल रिकामं. पाकिटावर पोरीचंच नाव टाकलं, 'रेवा'.

नंतर जळगावातच नवउद्योजकांचं शिबिर झालं. तिथले सर म्हणाले, "आयडिया वाईट म्हणून कोणी बुडत नाही. माणसं आणि शिस्त, या दोन गोष्टी नसल्या की बुडतात. शेजारधर्मावर कंपनी चालत नसते. काम घेतलं की दाम द्या, नियम लावा." सुलक्षणाला ते पटलं. फुकट राबवून घ्यायची तिला लाजच वाटत होती. तिने गल्लीतल्याच कुंदाबाई, पुनम आणि आणखी दोघींना रोज ठरवून दिला. टोप्या आणल्या, हातमोजे आणले, मागच्या खोलीला जाळी बसवली आणि दारावर कागद चिकटवला: काम चालू असताना खाणे-पिणे बंद.

बायका दहाला यायच्या, पाचला जायच्या. काम चोख. पैसे हातात पडले की कपाळाला लावायच्या. पुनमने त्यातून स्वतःला मोबाइल घेतला, कुंदाबाईंनी गुडघ्यांचं औषध सुरू केलं. चूक कुठे होती ते सुलक्षणाला बोट ठेवून दाखवता आलं नसतं. एवढंच, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती गेली तेव्हा तिला खुर्ची दिली गेली. बाकीच्या सतरंजीवर बसल्या होत्या.

ही खुर्ची तिने फोनवर नवऱ्याला, प्रेमराजला सांगितली. तो हसला. "मालकीण झालीस. बरंय की."

प्रेमराज सुरतेला साडीच्या कारखान्यात. एका खोलीत चार जण राहायचे, बायकोमुलीला न्यायची सोय नव्हती. महिन्यातून एकदा यायचा, तेव्हा रेवा पहिला अर्धा दिवस त्याच्याजवळ जायची नाही, आणि जवळ जायला लागली की त्याची गाडीची वेळ व्हायची. धुळ्याच्या जीवराम शेटचं मोठं दुकान, शाळांच्या कँटीनला माल पुरवायचे. त्यांनी दर महिन्याला रेवा बिबडी घ्यायचं कबूल केलं आणि नवराबायकोचं ठरून गेलं. धुळ्याचा माल नीट सुरू झाला की प्रेमराज सुरत सोडणार. तेव्हापासून दर रविवारी फोनवर त्याचा एकच प्रश्न असे. "काय मग, देऊ का नोटीस?"

पहिला माल गेला आणि आठवड्यात जीवराम शेटचा फोन आला. "ताई, एकदा धुळ्याला या. फोनवर बोलण्यासारखं नाही."

रेवाला कडेवर घेऊन तिने एस.टी. गाठली. पारोळ्यापर्यंत पोर झोपली, पुढे रडली. दुकानात जीवराम शेटने पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला आणि एक पाकीट फोडून पुढे ठेवलं.

"खा ताई."

तिने बिबडी तोंडात टाकली. आधी काही नाही, मग जिभेच्या मागच्या बाजूला साबणासारखी कडू चव चढत गेली. पापडखार. दुप्पट तरी पडला असणार. तिला लख्ख आठवलं, त्या दिवशी रेवा पायरीवरून पडली होती. ती धावत गेली, परत आली आणि खार घातला. धावण्याआधीही घातला होता.

"पोरं थुंकताहेत," जीवराम शेट म्हणाले. "कँटीनवाला मला म्हणतो, शेट, हे पौष्टिक आहे म्हणून एवढं कडू आहे का? तुमची स्वतःची पोर खाते का हो हे?"

रेवाने हात पुढे केला होता. सुलक्षणाने पाकीट बाजूला सरकवलं.

"माल परत न्या. एक घाणा नवा करून पाठवा, थोडाच पाठवा. जिभेवर उतरला तर पुढचं बोलू. नाही तर राम राम."

परतीच्या गाडीत तिच्या डोक्यात एकच फिरत राहिलं. पातेल्याभोवती चार बायका होत्या. जास्त खाराने घाटा पिवळट पडतो, हे ठाऊक नाही अशी बाई खान्देशात नसेल. ती स्वतः तरी कुठे आंधळी होती? पण ती घड्याळाकडे बघत होती, आणि तोंडाला तर कोणीच लावलं नव्हतं. तिनेही नाही. कागद तिनेच चिकटवला होता.

दुसऱ्या दिवशी ती कुंदाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली. कुंदाबाई गहू निवडत होत्या. त्यांनी आत खुर्ची आणायला हाक मारली, तशी सुलक्षणा घाईने म्हणाली, "अक्का, खुर्ची नको. त्या दिवशीचा घाटा बिघडलेला, तुम्हाला कळलं होतं ना?"

कुंदाबाईंनी सुपातून मान वर केली नाही. "कळनं व्हतं. पिवया दिखी ऱ्हायंता."

"मग बोलला का नाहीत?"

"कसाले बोलू? तुना माल, तुनी मर्जी. माले वाटनं, शहरना लोकेस्ले तसंच लागत व्हई." मग सूप एकदा पाखडून म्हणाल्या, "पगारनी बाई बोलस का माय? शेजारीण बोलस."

"म्हणजे पैसे देऊन मी चुकले?"

"पैसा नको म्हनत नही मी!" कुंदाबाई एकदम तडकल्या. "गुडघा मना दुखतस, तुना नही. पैसा बंद करू नको, हां."

सुलक्षणाला हसू आलं आणि रडूही. पैसे देणं बरोबर होतं. टोप्या, मोजे, तेही बरोबर होतं, त्यांच्याशिवाय जीवराम शेटने मालाला हात लावला नसता. पण या सगळ्याच्या बदल्यात काय गेलं ते शिबिरातल्या सरांनी सांगितलं नव्हतं. त्यांना तरी कुठून माहीत असणार? त्यांनी कोणाच्या गच्चीवर वाटीभर घाटा खाल्ला नसेल.

दारावरचा कागद तिने काढला. नव्या घाण्याच्या दिवशी घाटा उतरवल्यावर तिने स्वतः वाट्या भरल्या, तेल घातलं, चौघींना ओसरीवर बसवून हातात दिल्या. "खा आणि सांगा. एकीनेही नाही म्हटलं तरी थापायचं नाही. फेकून द्यावा लागला तरी चालेल, त्या दिवसाचा रोज मिळेल."

चौघींनी खाल्लं. पदर सावरून, हळू, पाहुण्यांकडे खातात तसं. सुलक्षणा एकेकीच्या तोंडाकडे पाहत होती.

"चांगला शे," कुंदाबाई म्हणाल्या.

"मस्त झालाय ताई," पुनम म्हणाली. बाकीच्या दोघींनी माना हलवल्या.

"मीठ?"

"बरोबर."

"तिखट?"

"बठ्ठं बरोबर शे."

सुलक्षणाने आपली वाटी तोंडाला लावली. मीठ कमी होतं. थोडंसंच, पण कमी होतं. मुद्दाम तर तिने ते तसं ठेवलं होतं.

तिने मीठ घातलं, घाटा पुन्हा घोटला आणि थापायला दिला. माल उत्तम झाला, धुळ्याला गेला. जीवराम शेटचा फोन आला. "आता कसं! पुढच्या महिन्यापासून पुरा माल पाठवा."

रविवारी दुपारी प्रेमराजला तिने हे सांगितलं तेव्हा तिकडे खोलीत कोणीतरी शिट्टी मारली. फोन स्पीकरवर असणार.

"मग? देऊ ना नोटीस?"

रेवा मांडीवर पेंगत होती. सुलक्षणाने तिच्या कपाळावरचे घामेजलेले केस मागे सारले. 'दे' एवढाच शब्द. तो तिच्या ओठांवर कितीतरी दिवस तयार होता.

"इतक्यात नको," ती म्हणाली.

"का गं? शेट हो म्हणाले ना?"

"शेट म्हणाले. पण इथे मला अजून कोणी 'नाही' म्हणत नाही."

"अगं, मग चांगलंच आहे की ते!" प्रेमराज हसला.

तिने त्याला समजावून सांगायला तोंड उघडलं. तिकडे कोणीतरी त्याला जेवायला हाक मारत होतं, भांडी वाजत होती.

"जेव तू," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत बघू."