चार बोटं चरबी

हिवाळाभर पुरेल एवढ्या मांसासाठी घोडा कापतात त्या दिवशी आमच्या अंगणात नुसता कल्ला असतो. बरगडीवरची चरबी किती बोटं जाड निघणार, यावर पैज लागते. माझी सासू, म्हणजे आमची अपा, जिवंत घोडा चाचपून आकडा सांगते आणि आजवर कधी हरलेली नाही!

"तीन बोटं," मिशाकाका म्हणाले. हे माझे चुलतसासरे. सासरच्यांची नावं सुनेने घ्यायची नसतात, म्हणून मी मिशांवर भागवते.

"तीन तुमच्या डोक्यात असेल. इथे चार!" अपा कडाडली. "आणि भाऊजी, माझीही चरबी पकडली गेली बरं का! कलाम्पिरने पकडली."

कलाम्पिर आमच्या गावची नर्स. अपाला साखरेचा आजार. पोटावर डावीकडे दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षं ती तिथेच इन्सुलिन टोचायची. तिथे कातडीखाली चरबीचा पुरीएवढा मऊ फुगवटा आला होता. आम्ही कौतुकाने म्हणायचो, अपाने हिवाळ्याची बेगमी केलीय. आणि ती बेगमी औषध अडवून बसत होती! साखर उतरेना, म्हणून डोस वाढत गेला. काल कलाम्पिरने जागा बदलायला सांगितलं.

"सकाळीच उजवीकडे टोचली," अपा ऐटीत म्हणाली. "रोजच्याएवढी, पुरती!"

माझे पिठाचे हात परातीतच थांबले. नव्या जागी औषध पटकन लागेल, डोस कमी करायचा, किती ते मी येऊन ठरवते, असंही कलाम्पिर दारातून म्हणाली होती. अपा तेव्हा घोडा न्याहाळत होती.

एवढ्यात बरगडी उघडली. "चार! चार!" अंगण दणाणलं. मिशाकाकांनी टोपी आपटली. अपा हसत सुटली, थांबेचना. हाडं गोठवणाऱ्या थंडीत तिच्या कपाळावर घाम फुटला होता. मग ती काकांना माझ्या मेलेल्या सासऱ्यांच्या नावाने हाका मारू लागली.

"वहिनीला पैज चढली!" काका हसले.

लग्न होऊन आल्यापासून मोठ्यांसमोर मी कुजबुजतच बोलत आले होते.

"सरका!" मी किंचाळले. "साखर उतरलीय तिची! जॅम आणा, जॅम!"

काकांना कोपराने ढकललं, अपाला खाली बसवलं. ती तोंड उघडेना. "गिळ! गिळ म्हणते ना!" सासूला मी चक्क तोंडावर एकेरीत दटावत होते. बोटाने गालात जॅम चोळला, थोडा गिळल्यावर साखरेचा चहा घोट घोट पाजला. काका नर्सला आणायला धावले.

हळूहळू अपाची नजर ठिकाणावर आली. "कोण ओरडत होतं गं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मान खाली घातली. "मी, अपा. चुकलं माझं."

तिने चिकट हाताने माझी हनुवटी वर केली. मग पाहुण्यांवर खेकसली, "बघताय काय? मानाची जागा रिकामी करा. आज तिथे माझी सून बसणार."