कावळा शिवेपर्यंत

"रामकिसनभाऊ, ओ रामकिसनभाऊ! आज तेवढं फटाके बंद ठेव गड्या."

विमानतळाच्या भिंतीवर बन्सीचं नुकतंच भादरलेलं डोकं दिसलं. पल्याड तो दगडावर चढून उभा होता. अल्याड गवतात रामकिसन, हातात फटाक्यांची पिशवी आणि कमरेला वॉकीटॉकी.

"म्हाताऱ्याचा दहावा है. भावकी कवापासून ताटकळली. एक बी कावळा यायना."

"सकाळधरनं एकच तर लावलाय मी."

"त्या एकानंच पळाले ना! आता दम धर जरासा. आमच्या बापाला कशाला लटकत ठेवतो?"

रामकिसन हसला आणि त्यानं पिशवीचं तोंड बांधलं.

धावपट्टीवरचे पक्षी हाकणं हे त्याचं काम. तो ठेकेदाराचा माणूस होता. शहराबाहेरच्या या छोट्या विमानतळावर मोठं विमान सकाळ-संध्याकाळ यायचं, मधला सगळा दिवस वैमानिक घडवणाऱ्या संस्थेची दोन माणसांची विमानं उठत-बसत. धावपट्टीखाली गावाची जमीन गेली. नाल्याकाठचा दहाव्याचा ओटा तेवढा भिंतीबाहेर उरला, तोही धावपट्टीच्या टोकालाच. फटाके वाजले की कावळे ओट्याकडे फिरकत नसत आणि पिंडाला कावळा शिवल्याशिवाय माणसं घरी जात नसत. म्हणून दहाव्याच्या दिवशी भिंतीवरून निरोप यायचा आणि कावळा शिवेपर्यंत रामकिसन फटाका लावायचा नाही. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. साहेबांना ठाऊक नव्हतं. रामकिसन गावचा होता, एवढंच.

घरी त्याची आई कडूबाई मात्र बाजेवर पडल्या पडल्या ऐकवायची, "कावळे हाकून पोट भरतोस बाबा. माझ्या दहाव्याला एक बी यायचा नाय बघ."

"तुझ्या वक्ताला मी सोता बोलावतो की, माय."

"तू बोलवशील? तुला बघून तर ते पळतेत!"

बन्सी दगडावरून उतरला तोच वॉकीटॉकी खरखरला. टॉवरवरून विचारणा झाली, पक्षी आहेत का?

रामकिसननं आभाळ पाहिलं. लांब गवतात दोन बगळे होते. बाकी काही नव्हतं.

"क्लिअर है, सर."

त्या क्षणी ते खरं होतं.

पलीकडे ओट्यावर कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला मासळीचा लई नाद होता, जीव त्यातच अडकला असंल. मोटारसायकलवरून आणलेले तळलेले तुकडे पिंडाशेजारी ठेवले गेले. मासळीच्या वासावर कावळे आले. एकानं पिंडाला चोच लावली आणि भिंतीपलीकडे आरोळी उठली, "शिवला! शिवला रे!"

त्याच वेळी वरून एक घार खाली आली. तिनं मासळीचा तुकडा उचलला. कावळे तिच्या मागं लागले आणि घार भिंतीवरून धावपट्टीकडे वळली.

छोटं विमान नुकतंच जमिनीवरून सुटलं होतं. आत एकटी अमृता होती. हर्सूलची मुलगी, विमान चालवायला शिकणारी. जीपमधून जाताना ती रामकिसनला हमखास विचारायची, "काय काका, आज कुणाकुणाला हाकललं?"

रामकिसननं पिशवीची गाठ ओढली. ती त्यानंच घट्ट मारली होती. काडी पेटायच्या आत समोर धप्प आवाज झाला. विमानाचं नाक उठलं, एक पंख कलला आणि ते भिंतीपलीकडच्या तुरीत उतरलं. उतरलं असंच त्याला वाटलं. मग धूर आला.

अमृता त्यात गेली. चौकशीला बाहेरून अधिकारी आले. जाबजबाब सुरू व्हायच्या आधी सुपरवायझर अतुलनं रामकिसनला कोपऱ्यात घेतलं.

"ऐका माझं. फटाका लावला, पक्षी हटला नाही, एवढंच सांगा. तुम्ही पण वाचाल, आम्ही पण."

गावातून बन्सी आला. त्याच्या डोक्यावर आता खुंटं उगवली होती. "ओट्याचं नाव काढू नको भाऊ. पाडून टाकतील. मग मेल्यावर जायचं कुठं आपुन?"

रामकिसननं दोघांनाही मान डोलावली. फटाका लावला म्हणायचं असं त्यानं मनाशी पक्कंही केलं. पण कचेरीबाहेरच्या बाकावर अमृताचे वडील बसले होते. ते उठून जवळ आले.

"तुम्ही समोर होतात म्हणे. आत बोलताहेत की घाबरून तिनंच विमान चुकीचं वळवलं. तिची चूक होती का हो?"

"नाय," रामकिसन म्हणाला. "नाय साहेब. पोरीची काय बी चूक नव्हती."

मग आत जाऊन त्यानं सगळं सांगितलं. दहावा, ओटा, मासळी, बांधलेली पिशवी. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं.

"मतलब, आप कव्वे का इंतज़ार कर रहे थे?"

"मी नाय साहेब. ते लोक करत व्हते. मी थांबलो व्हतो."

"फर्क क्या है?"

रामकिसननं जबाबाखाली सही केली.

अहवाल आला तेव्हा त्यात कारण लिहिलेलं होतं, पक्ष्याची धडक, आणि धडकेनंतर प्रशिक्षणार्थीनं विमान सावरण्यात केलेली चूक. म्हणजे अमृताच्या नावावरचा डाग राहिला तो राहिलाच. कावळ्याचा उल्लेख कुठंही नव्हता. फटाक्यांचा होता. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत ते थांबता कामा नयेत, अशी सूचना होती. ठेकेदारानं रामकिसनला कामावरून काढलं. नाल्याकाठच्या ओट्याला नोटीस लागली आणि गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. पारावर तो गेला की माणसं दुसऱ्या विषयावर यायची, मग उठायची.

तो एकदा हर्सूलला गेला. अमृताच्या वडिलांनी दार उघडलं, पाणी दिलं. पाणी पिऊन तो परतला.

थंडी सरता सरता कडूबाई गेली. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण अंगणात कावळा ओरडला की ती मान वळवायची.

दहाव्याला माणसं आली. नोटीस असली तरी ओटा अजून पाडलेला नव्हता. बन्सीही आला, लांब नाल्यापाशी उभा राहिला. गुरुजींनी पिंड मांडले. कडूबाईला आवडायची म्हणून रामकिसननं शेजारी ज्वारीची भाकरी आणि ठेचा ठेवला. मासळी नव्हती.

भिंतीपलीकडे फटाका वाजला. निंबावरचे कावळे उडाले. ते परत बसेपर्यंत दुसरा वाजला.

ऊन चढलं. बायाबापड्यांनी डोक्यावर पदर ओढले. कुणी पुटपुटलं, "म्हातारीचा जीव अडकला कशात तरी." कुणीतरी पिंडापुढं हात जोडून म्हणालं, "माय, तुझ्या रामकिसनला परत काम लागंल, जा आता तू." कावळा आला नाही.

शेवटी बन्सी जवळ आला. कितीक दिवसांत पहिल्यांदा बोलला.

"आत नवा पोरगा है. आपल्याच तिकडचा. भिंतीवरून हाक मारू का? थांबंल घटकाभर."

रामकिसननं भिंतीकडे पाहिलं. तेवढ्यात पल्याड इंजिनाची घरघर वाढली आणि पांढरं छोटं विमान भिंतीवर आलं, वर चढत गेलं. तो मान वर करून पाहत राहिला. ते हर्सूलच्या बाजूला वळून दिसेनासं झालं, तरी त्याची मान तशीच होती.

"हाक मारू ना?" बन्सीनं पुन्हा विचारलं.

"नको. वाजवू दे त्याला."

त्यानं गुरुजींसमोरचे दर्भ उचलले. चोच जमेना. बन्सी शेजारी टेकला आणि त्यानं काड्या धरून ठेवल्या. रामकिसननं गाठ मारली, पंख ओढून सारखे केले.

भिंतीपलीकडे आणखी एक फटाका वाजला. रामकिसननं गवताचा तो कावळा दोन्ही हातांनी धरला आणि आईच्या पिंडाला टेकवला.

"शिवला," गुरुजी म्हणाले.

माणसं उठली.