विहीणबाईंचा रेग्युलेटर

बिल आधी पुढे आलं आणि चहा मागाहून. इथेच घोळ झाला. चहा आधी आला असता तर निदान चार घोट तरी शांततेत गेले असते.

विहीणबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, कागद दिव्याकडे धरला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि पुन्हा सुलटा केला. उभी हयात लांब पल्ल्याच्या गाड्यांवर तिकिटं तपासण्यात गेलेली बाई. मुलाच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी अशीच दोन्ही बाजूंनी तपासली होती.

"हे काय आहे?"

"बिल," दुरुस्तीवाली म्हणाली.

"ते दिसतंय हो मला. पण वस्तू घेतली त्याच्या दुप्पट?"

जरा मागे

विहीणबाई म्हणजे दुरुस्तीवालीच्या लेकीच्या सासूबाई. निवृत्त झाल्यावर त्या घरी बसतील अशी सगळ्यांची समजूत होती. त्यांनी पोहण्याच्या तलावात नाव घातलं, तिथून पुढे पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली जायचं शिक्षण घेतलं आणि परीक्षाही दिली. आता रविवारी पहिल्यांदाच समुद्रात उतरायचं होतं. भाड्याच्या सामानावर विश्वास नाही म्हणून त्यांनी एकाकडून जुना रेग्युलेटर विकत घेतला. विकणारा म्हणाला होता, दोनदाच पाण्यात गेलाय.

रेग्युलेटर म्हणजे पाणबुड्याचा श्वास. सिलिंडरमध्ये हवा इतकी ठासून भरलेली असते की सरळ तोंडात सोडली तर माणसाचा फुगा व्हायचा. रेग्युलेटर ती हवा मवाळ करतो आणि मागितली तेवढीच, घोटाघोटाने तोंडात देतो. दुरुस्तीवाली फक्त तेच दुरुस्त करायची. लाँड्रीला लागून तिची एक खोली होती. लाँड्रीमुळे एक भिंत कायम कोमट. खिळ्यांना नळ्या टांगलेल्या, बरण्यांत मापामापाच्या रबरी रिंगा, टेबलावर पांढरं फडकं आणि वर मान वाकवलेला दिवा.

दोनदाच पाण्यात गेलेला हा रेग्युलेटर तिने उघडला तेव्हा आतून हिरवा क्षार भुरभुरला.

सूट द्यावी का, यावर तिने दोन दिवस डोकं शिणवलं होतं. सूट दिली तर विहीणबाई म्हणणार, म्हणजे एरवी लोकांना एवढं लुटता होय? फुकट दिलं तर म्हणणार, काहीच केलेलं दिसत नाही. म्हणून जगाला लावते तोच दर तिने त्यांनाही लावला. पैशाचं तिला फार काही नव्हतं. पण लबाड म्हणून नाव एकदा का त्या घरात गेलं, की लेकीला रोज त्याच टेबलावर जेवायला बसायचं होतं.

पुन्हा बिल

"जुना आहे म्हणून जास्त लावलंत का?"

"नाही हो, नव्यालाही एवढंच पडतं. सुटे भाग तेच, मेहनत तीच."

"मग जुना घेऊन मला मिळालं काय?"

"जुना रेग्युलेटर."

"विहीणबाई, चेष्टा करू नका."

"चेष्टा कसली, विहीणबाई? आत काय बदललं होतं, कधी बदललं होतं, काही पत्ता नाही. मग सगळंच बदलावं लागतं."

"चांगलं असलं तरी?"

"चांगलं असलं तरी."

"मी कुकरची रिंग तुटेपर्यंत वापरते."

"कुकर बिघडला तर स्वयंपाकघरातून पळता येतं. पाण्याखालून कुठे पळणार?"

विहीणबाईंनी नाक मुरडलं. मग चहा उचलला. चहा गार झाला होता, तो दोषही बिलाच्या खात्यात गेला.

पिशवी

हीच वेळ साधून दुरुस्तीवालीने हुकमाचा पत्ता टाकला. एक पारदर्शक पिशवी. रेग्युलेटरमधून काढलेला प्रत्येक जुना भाग ती गिऱ्हाइकाला परत द्यायची, म्हणजे न बदलता पैसे घेतले असं कुणी म्हणायला नको. एवढंच नाही, पिशवीत घालण्याआधी ती तो भंगार मालही पुसून लख्ख करायची. लाँड्रीवाला तिला यावरून हसायचा.

"घ्या. हे सगळं तुमच्या त्या दोनदाच पाण्यात गेलेल्यातून निघालंय. तपासा."

तपासा हा शब्द त्या बाईपुढे उच्चारायला नको होता.

विहीणबाईंनी वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी उपडी केली. चपटलेल्या रिंगा, हिरवी पडलेली जाळी, कडा झिजलेला रबरी पडदा. एकेक वस्तू उचलून, नखाने टोचून त्या बाजूला ठेवू लागल्या. चेहरा हळूहळू मऊ पडत होता. दुरुस्तीवालीचा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात विहीणबाईंची चिमूट थांबली.

चिमटीत नखाएवढी कडक प्लॅस्टिकची चकती होती. सिलिंडरची हवा अडवते ती हीच.

"ही तर नवी कोरी आहे."

"कशी असेल? मीच काढलीय माझ्या हाताने."

"विहीणबाई, मी लोकांच्या हातातलं तिकीट दुरून बघून सांगायचे, आजचं की कालचं."

"ते तिकीट. ही चकती आहे."

"असू दे ना. कोरं ते कोरं."

तणतणत दुरुस्तीवालीने भिंग लावलं. वापरलेल्या चकतीवर गोल चरा उमटलेला असतो, बारीक, पण असतोच. तिने चकती दिव्याखाली फिरवली, मग उलटून फिरवली.

चरा नव्हता.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. नवी चकती पिशवीत. म्हणजे जुनी कुठे?

कुठे म्हणजे काय! परवा दुपारी दोन्ही चकत्या त्या पांढऱ्या फडक्यावर शेजारी शेजारी होत्या, जुनी नुकतीच पुसून लख्ख केलेली, आणि तेवढ्यात फोन वाजला होता. विहीणबाईंचा. जरा कमी होईल का म्हणून. खांद्याला फोन लावून, हो नाही करत, तिने समोरची एक चकती उचलून आत बसवली होती.

तिला आयती मिळालेली पळवाट

"जाऊ दे हो," विहीणबाई विजयी मुद्रेने म्हणाल्या. "चांगली चकती उगाच काढलीत. तिचे पैसे कमी करा, आणखी थोडे वर कमी करा, विषय संपला. मी घरी कुणाला सांगायची नाही."

तिने न उच्चारलेली वाक्यं

बरं, तुमचंच खरं.

घ्या, कमी केले.

रविवारी मजा करा.

उच्चारलेलं

"रेग्युलेटर इकडे द्या. तो तुम्हाला नेता येणार नाही. माझ्याकडून चूक झालीय. जुनी चकती आतच राहिलीय."



विहीणबाईंनी चष्मा काढला. या बाईसमोर कबुली देणारे फार थोडे आले असावेत, कारण पुढे काय करायचं ते त्यांना चटकन सुचेना. मग डोळे चमकले.

"म्हणजे जुनी आत असूनही तुमच्या तपासणीत पास झाला?"

"काल काटा जागचा हलला नव्हता."

"म्हणजे माझंच खरं! जुनी चालते!"

"काल चालली."

"आज बघू."

काटा

कोपऱ्यातल्या सिलिंडरला रेग्युलेटर जोडला. त्याला दाबाचं घड्याळ लावलं. हवा सोडली. काटा उठला, एका रेघेवर थांबला. चकती धड असेल तर तो तिथेच राहायला हवा.

विहीणबाईंनी चष्मा परत चढवला आणि दोघींनी स्टुलं ओढली.

काटा जागेवर.

लेकीचा निरोप: आई, झालं का त्यांचं काम?

काटा जागेवर.

आई, पैशांवरून त्यांना काही बोलू नकोस हं.

विहीणबाईंनी गार चहा संपवला. काटा जागेवर.

तू बोललीस ना? आई??

"पोरगी घाबरते फार," विहीणबाई डोळे न हलवता म्हणाल्या. "लिहा तिला, आम्ही काटा बघतोय."

दुरुस्तीवालीने तसंच लिहिलं.

कसला काटा???

"हलला," विहीणबाई म्हणाल्या.

"छे."

"हलला म्हणते ना. माझ्याकडे बघून सीटखाली सरकणारे पाय ओळखलेत मी."

दुरुस्तीवाली इतकी पुढे झुकली की नाक काचेला टेकलं. हलला होता. केसभर. मग आणखी केसभर. मग लपवाछपवी सोडून काटा सरळ वर निघाला आणि टेबलावरच्या, तोंडात धरायच्या तुकड्यातून आपोआप हवा सुटायला लागली, फुस्स, फुस्स.

"हे पाण्याखाली झालं असतं तर?"

"हवा वाया गेली असती. तुम्ही घाबरला असतात. घाबरलं की माणूस भलतंसलतं करतं."

विहीणबाईंनी फुसफुसणाऱ्या तुकड्याकडे पाहिलं. मग बोटांवर मांडल्यासारखं म्हणाल्या, "म्हणजे चकती बदलायलाच हवी होती."

"हो."

"म्हणजे बिल बरोबर."

"बिल बरोबर. काम चूक."

आणि कुणाला आधी फुटलं कोण जाणे, पण दोघी अशा हसत सुटल्या की पलीकडून लाँड्रीवाल्याने भिंतीवर थाप मारून विचारलं, सगळं ठीक ना?

निकाल

दुरुस्तीवाली बिल फाडायला निघाली. विहीणबाईंनी तिचा हात धरला.

"खबरदार. मी? विनातिकीट? जन्मात नाही." त्या ताठ बसल्या. गाडीच्या डब्यात अशाच उभ्या राहत असतील. "दंड दोघींना. मी काम चालू असताना फोनवर घासाघीस केली. माझा दंड, पूर्ण पैसे. तुमचा दंड, आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर बसून हे परत करायचं. फोन बंद. आणि एका वेळी फडक्यावर एकच चकती."

"अपील?"

"नाही."

दुरुस्तीवालीने रेग्युलेटर खोलला. विहीणबाई खांद्यावरून बघत होत्या आणि प्रत्येक तुकड्याला "हा कशाला?" विचारत होत्या. एरवी असं गिऱ्हाईक तिने उठवून लावलं असतं. आज ती सांगत बसली, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. जुनी चकती बाहेर आली, चरा दोघींनी पाहिला. नवी बसली. काटा उठला, थांबला, आणि या वेळी थांबला तो थांबलाच. त्याच्याकडे बघता बघता विहीणबाईंना जांभई आली तरी तो हलेना.

"आणि पाण्यात?" विहीणबाईंनी विचारलं.

"पाण्यात बुडवून बुडबुडे बघते मी," दुरुस्तीवाली टेबलालगतच्या पाण्याने भरलेल्या टबकडे बोट दाखवत म्हणाली. "कुठून गळतंय का ते."

"बुडवायचा कशाला? मीच बघते."

"अहो, अहो..."

विहीणबाईंनी तोंडात तुकडा धरला, पदराने डोळे पुसावेत इतक्या सहज चष्मा काढून ठेवला आणि उभ्या उभ्या वाकून अख्खं तोंड टबात घातलं.

क्षणभर काहीच नाही.

मग बुडबुड्यांचा एक मोठा लोंढा. मग श्वास आत. मग पुन्हा लोंढा, संथ, ऐटीत. कशावर म्हणून विश्वास न ठेवणारी बाई दुरुस्तीवालीच्या हातच्या हवेवर श्वास घेत होती आणि वर यायचं नाव काढत नव्हती. मध्येच हसू आलं असावं, कारण टब उसळला आणि बिल भिजलं. मग एक हात वर आला, अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल. पाणबुड्यांची खूण, सगळं ठीक.

दुरुस्तीवालीनेही हात वर करून तसाच गोल केला.

विहीणबाई वर आल्या. केसांतून पाणी, हनुवटीवरून पाणी, चेहरा शाळा सुटलेल्या पोरीसारखा.

"तुम्ही खूण केलीत का परत?"

"केली की."

"मला दिसली नाही," विहीणबाई म्हणाल्या आणि चष्मा चढवला. "पुन्हा करून दाखवा."