सहा फुटांवरची खुर्ची

"अजून जरा मागं सरका. हां, बास!" शिपायाने टेपचं टोक माझ्या खुर्चीच्या पायाशी दाबून धरलं आणि स्वतः समोरच्या खुर्चीत बसला. "सहा फूट झाले. आता बोला काहीतरी."

ऐनवेळी काही सुचेना. मी विचारलं, "जेवलात का?"

"जेवलो की. तुमचंच राहिलंय, साहेब." मास्कच्या आत तो हसला.

दारात उभ्या असलेल्या डॉक्टरबाईंनी मान डोलावली. साथ ओसरत होती. शहर टप्प्याटप्प्याने कसं उघडायचं याचा आराखडा त्या करत होत्या आणि त्यातली कलमं मी लिहून काढत होतो. दुकानं, व्यायामशाळा, सलून यांच्यासाठी लोक दिवसभर फोन करून डोकं खात. वृद्धाश्रमांसाठी एकाचाही फोन आला नाही, म्हणून तो कागद सगळ्यात शेवटी आला. मी लिहिलं: एका वेळी एकच नातेवाईक, पंधरा मिनिटं, दोघांना मास्क, मध्ये सहा फूट. खाली ऐटीत शेराही मारला, 'या अंतरावरून संभाषण व्यवस्थित होते. प्रत्यक्ष करून पाहिले.'

त्या कागदात माझा जीव अडकला होता. माझी आई अशाच एका आश्रमात होती. चार महिन्यांपूर्वी तिथली दारं बंद झाली आणि महिनाभरात दादा गेला. माझा थोरला भाऊ, याच साथीत, आठ दिवसांत. आईला कोणी सांगायचं? वहिनी म्हणाली, "भावजी, परक्या तोंडून नको. तुम्हीच जा, जवळ बसून सांगा." म्हणून आश्रमात सगळ्यांना बजावून ठेवलं. आई रोज दादाची चौकशी करायची आणि सेविका रोज "कामात आहेत हो" म्हणून वेळ मारून न्यायची.

भेटी सुरू झाल्या त्या दिवशी मी पहिला नंबर लावला. वशिला म्हणा हवं तर.

जेवणाच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या होत्या. फरशीवर पिवळी पट्टी, टेबलावर हातघंटा आणि भिंतीवर माझीच कलमं. सेविका आईला धरून घेऊन आली. आई निम्मी झाली होती.

"वाळलास रे," ती बसता बसता म्हणाली.

"तू कशी आहेस?"

"काय?" तिने कानामागे हात धरला.

मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "हो हो, मघाशीच जेवले."

आईचा उजवा कान कधीचाच गेलेला. डाव्याशी तोंड नेऊन बोलावं लागतं, नाहीतर ती ओठांकडे बघून अंदाज बांधते. हे मला ठाऊक नव्हतं? दहा वर्षं मी तिच्या कानाशी लागून बोलत आलो. आणि अंतर तपासायला समोर बसवलं कोणाला, तर टाचणी पडली तरी ऐकू येणाऱ्या शिपायाला! आईला मी विसरलो नव्हतो. तिचा कान विसरलो.

"दादा का नाही आला?" तिने खणखणीत आवाजात विचारलं.

आता हे ओरडून सांगायचं? दाराबाहेर चार म्हाताऱ्या आपापल्या भेटीची वाट बघत बसल्या होत्या. लिहून द्यावं, तर कागदाची देवघेव मीच पाचव्या कलमात बंद केलेली. आणि असलं काही कागदावर देतात का?

सेविका हळूच म्हणाली, "साहेब, जा पुढं. मी खिडकीबाहेर बघते."

दोन पावलांचं तर अंतर. पण आत बेचाळीस म्हातारी माणसं होती. साथीच्या सुरुवातीला दुसऱ्या एका आश्रमात असाच एक पाहुणा बंदी मोडून आत गेला होता आणि त्यापायी दगावलेल्या अकरा जणांची यादी मीच टाइप केली होती. माझा पाय उचलला नाही. रडू आलं, ते मास्कमध्येच जिरलं.

मग बसल्या जागेवरून, नेहमीच्या आवाजात मी म्हणालो, "आई, दादा गेला. तीन महिने झाले."

आईने कानामागचा हात काढला. समजूतदारपणे मान हलवली.

"असू दे, असू दे. काम असणारच त्याला. पुढच्या वेळी दोघं मिळून या."

सेविकेने तोंड फिरवलं. तिला मात्र सगळं नीट ऐकू आलं होतं.

पंधरा मिनिटं झाली तरी तिने घंटा वाजवली नाही. मीच उठलो. पाहुण्याने आपली खुर्ची पुसून ठेवावी, हे सातवं कलम. मी फडका घेतला आणि पाठ, हात, चारही पाय पुसत राहिलो. आई कौतुकाने बघत होती.

"बघितलंत?" ती सेविकेला मोठ्यांदा म्हणाली. "लहानपणापासून हा असाच नीटनेटका. दादाला नाही जमत हे."