न आलेल्या रेल्वेचा जुना मार्ग

नकाशा कधी खोटं बोलत नाही, असं राजानंद साळवे बारा वर्षं कॉलेजातल्या पोरांना शिकवत आला. ती बारा वर्षं तासिका तत्त्वावरची होती. तास बंद झाले तेव्हा त्याला कळलं की नकाशा खोटं बोलत नाही हे खरंच, पण नकाशा काढणारा बोलतो, आणि पुष्कळदा त्या बिचाऱ्याला ते माहीतही नसतं.

तास गेल्यावर त्याला पुण्याच्या एका एजन्सीचं काम मिळालं. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलवाटा करायच्या, असं वर कुठेतरी कुणाला तरी सुचलं होतं. एजन्सीनं जिल्ह्याच्या नकाशावर अशा मार्गांच्या लाल रेघा मारून पाठवल्या. राजानंदनं जागेवर जाऊन त्या पाहायच्या आणि प्रत्येकीपुढं 'विश्वासार्ह' नाहीतर 'अविश्वासार्ह' असं लिहायचं. जालन्याजवळच्या दोन रेघा खऱ्या निघाल्या. मीटरगेज जाऊन मोठी लाईन आली तेव्हा काही वळणं सरळ केली होती, आणि सुटलेल्या भरावावर बाभळी माजल्या होत्या. तिसरी रेघ भोकरदन तालुक्यात होती.

तिथं तो चक्रावला. त्या भागात रेल्वे येणार म्हणून माणसांनी दोन पिढ्या मतं दिली होती. ती अजून यायचीच होती. नकाशाप्रमाणे मात्र ती येऊन, चालून, बंद पडून गेलीसुद्धा होती.

मोटारसायकल काढून तो केदारखेड्याच्या पुढच्या एका वस्तीवर गेला. मोबाईलवरची रेघ कपाशीतून येऊन थेट एका पत्र्याच्या घराच्या चुलीतून जात होती. घर लालबीचं. सत्तरीची बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा इजहार जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये, सुट्टीला घरी यायचा. राजानंद रेल्वेचं विचारायला आलाय म्हटल्यावर लालबीनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. सुनेला, नसरीनला, कागद आणायला सांगितला. रेघ राजानंदच्या आधी पोचली होती. जागा रेल्वेची असून तीवरचं बांधकाम तीस दिवसांत काढावं, असं नोटिशीत होतं.

"सर, तुम्ही शिकेल माणूस," लालबी म्हणाली. "पन्नास साल झाले मी या घरात राहून राह्यले. रेल्वे आली असती तर मला आवाज न्हाई आला असता?"

राजानंदनं शेजारच्या पुंजारामला गाठलं. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, आणि कुणी काही विचारलं याचाच त्याला आनंद. इथून गाडी जायची का, या प्रश्नाला त्यानं ठणकावून हो म्हटलं. रोज जायची. बाजाराच्या दिवशी तर पाच-पाच, सहा-सहा. लालबीनं कपाळाला हात लावला. राजानंदनं बळ एकवटून, स्टेशन कुठं होतं, असं विचारलं.

"टेसन कशाला पायजे?" पुंजाराम म्हणाला. "बैल थकले की थांबायचं."

गुंता तिथंच सुटला. एजन्सीनं लाल रेघ ज्यावरून मारली त्या गावनकाशावर तुटक दुहेरी रेघ होती आणि तिच्यावर लिहिलं होतं 'गाडी रस्ता'. पुण्यात संगणकावर बसलेल्या कुणीतरी ते वाचलं. त्यानं जन्मात गाडी म्हणून ऐकलेली ती प्लॅटफॉर्म क्रमांक तीनवर येणारीच.

राजानंदला तिथंच 'अविश्वासार्ह' लिहून घरी जाता आलं असतं. पण एजन्सीच्या नियमात तोंडी माहितीला शून्य गुण होते, आणि एका म्हाताऱ्याच्या बैलांवर सरकारी नोटीस मागं जात नाही. कागद कापायला कागदच लागतो. तालुक्याच्या कचेरीत त्यानं पाच फेऱ्या मारल्या. सहाव्या फेरीत, गावनकाशा ज्यावरून उतरवला होता तो निजामाच्या काळातला मूळ कागद हाती आला. कडेनं वाळवी लागलेला, सगळा उर्दूत. राजानंदला उर्दू येत नव्हती, आणि नोटिशीचे नऊ दिवस उरले होते.

प्रत घेऊन तो वस्तीवर आला. लालबीचा दीर अजमत उर्दू शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाला होता. त्यानं चष्मा पुसला, बोट ठेवलं आणि वाचलं, "बंडी का रास्ता."

बंडी म्हणजे बैलगाडी, हे वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. संस्थान गेल्यावर कुणा कारकुनानं तिची मराठीत 'गाडी' केली, आणि पुण्यानं गाडीची आगगाडी. इतक्या वर्षांत रस्ता जागचा हलला नव्हता, वाहन तेवढं सुधारत गेलं होतं.

लालबी पहिल्यांदा हसली. चहा आला.

अजमत मात्र अजून वाचत होता. खाली आणखी एक ओळ होती: रस्ता सरकारी, रुंदी सोळा हात. त्याचं बोट तिथून उठेना.

"सर, पहिली ओळ लिवा," तो हळूच म्हणाला. "दुसरी राहू द्या. वाळवीनं खाल्ली म्हणा."

राजानंदनं त्याला समजावलं. अर्धा कागद पुरावा होत नाही. एजन्सीला चारही कोपरे दिसणारा फोटो लागतो, तेव्हा कुठं दहापैकी दहा गुण पडतात. ओळ लपवली आणि उद्या कुणी मूळ कागद बाहेर काढला, तर बंडीही खोटी ठरेल. शिवाय भांडण रेल्वेचं होतं, रुंदी कुणी विचारलीच नव्हती. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

"मास्तर लोकांना पुरं वाचायची बिमारी असते," अजमत म्हणाला. "मलाबी आहे. म्हणून तर सांगून राह्यलो."

राजानंदनं पुरा कागद जोडला. दहापैकी दहा गुण मिळाले. रेल्वेच्या नावाची नोटीस मागं घेतली गेली, आणि लालबीनं त्याला जेवायला बोलावून आग्रहानं वाढलं.

अहवालाची एक प्रत शिरस्त्याप्रमाणे तालुक्याला गेली. तिथं त्याच महिन्यात जुने गाडीरस्ते मोकळे करायची मोहीम निघाली होती, आणि कचेरीची अडचण अशी होती की एकाही रस्त्याच्या रुंदीचा धड पुरावा सापडत नव्हता. आता एकाचा सापडला. दुसऱ्या नोटिशीत रेल्वेचं नाव नव्हतं, राजानंदचं होतं. श्री. साळवे यांच्या अहवालावरून सदर रस्ता सरकारी व सोळा हात रुंदीचा असल्याचे निर्विवाद सिद्ध होते, असं तिच्यात लिहिलं होतं.

तो कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं त्याला खुर्ची दिली, अहवालाची तारीफ केली आणि विचारलं की हा कागद खोटा आहे असं साळवे साहेबांचं म्हणणं आहे का. तसं म्हणणं राजानंदला जमलं नाही.

मंगळवारी सकाळी जेसीबी आला. राजानंदही गेला, घरी बसवेना म्हणून. लालबी निंबाखाली बाजेवर बसली होती. भोवती भांडी, पिठाचे डबे, गाद्या, आणि नसरीन अजून आतून काहीबाही आणून ठेवत होती. लालबीनं त्याला बाजेवर जागा करून दिली.

"रेल्वेच बरी होती, सर," ती म्हणाली. "ती झूट होती. झुटासंगं भांडता येतं."

दुपारपर्यंत काम उरकलं. दोन्ही बाजूंच्या शेतांत कपाशी उभी होती, म्हणून तिथली कारवाई पीक निघेपर्यंत पुढं ढकलण्यात आल्याचं पंचनाम्यात नोंदवलं. मोकळ्या झालेल्या रस्त्याची लांबी अकरा मीटर भरली.