दोन वाक्यांची ओळख

लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळात पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. कीर्तनकार असो, हृदयरोगतज्ज्ञ असो की पुण्याहून आलेला कुणाचा मेहुणा असो, मी थेट त्याच्या शाळेपासून सुरुवात करतो. लोक कुरकुरतात. सुमन, म्हणजे माझी बायको, पहिल्या रांगेतून घड्याळ दाखवते. मी लक्ष देत नाही. स्टेजवर बोलावलेल्या माणसाला दोन वाक्यांत उरकणं हा मला उद्धटपणा वाटतो.

एका माणसाची ओळख मात्र मी कधीच धड करून दिली नाही. ती माझी मुलगी, उर्वी.

उर्वी नॉटिंगहॅमला फार्मसी शिकली, दोन वर्षं केमिस्टच्या दुकानात काम केलं आणि एके दिवशी राजीनामा देऊन कॉमेडियन झाली. मी हाडांचा सर्जन. धडधाकट पाय कापून टाकावा तसं मला वाटलं. खूप भांडलो आम्ही. पुढची चार वर्षं मंडळात कुणी विचारलं की मी बिनदिक्कत सांगायचो, ‘फार्मसीतच आहे.’ ती तेव्हा कॉव्हेंट्रीच्या पबमध्ये माडीवरच्या खोलीत अकरा माणसांना हसवत होती. त्यातली चार तिच्या ओळखीची. मग तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, तनूनं, पॉडकास्ट सुरू केला. आवाज घुमू नये म्हणून दोघी कपाटात कोटांमध्ये बसून बोलायच्या. मी पहिल्या भागापासून एकही चुकवला नाही, पार्कमध्ये फिरताना ऐकायचो आणि एकटाच हसायचो. तिला मात्र कधी सांगितलं नाही, आणि मंडळात कुणी विचारलं तर आता विषय बदलायचो. सर्जनचा ताठा, दुसरं काय.

यंदा तिचा तासाभराचा शो टीव्हीसाठी रेकॉर्ड व्हायचं ठरलं, तोही लेस्टरलाच. एकच प्रयोग, एकच संधी. यातूनच पुढचं सगळं ठरणार होतं. उर्वी घरी आली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही मला स्टेजवर इंट्रोड्यूस कराल? पण फक्त दोन वाक्यं. प्लीज, त्याच्या पुढे नाही.” वाक्यंही तिनंच दिली: शुभ संध्याकाळ, आणि ही माझी मुलगी उर्वी. मी कबूल केलं.

थिएटरमध्ये नऊशे माणसं होती. तिसऱ्या रांगेत मंडळातले हरीश आणि रेखा बसले होते. मी सर्वांत जास्त थापा मारल्या त्या हरीशलाच. पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं वाक्य मला फारच तोकडं वाटलं. मग मी बोललोच. तिची शाळा, तिची डिग्री, तो पब, ते कपाट. शेवटी सांगितलं, की माझी मुलगी कॉमेडियन आहे हे मी चार वर्षं लोकांपासून लपवलं, तिची लाज वाटली म्हणून. चूक माझी होती, आणि आज मला तिचा बाप असल्याचा अभिमान वाटतो. सहा मिनिटं झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मी छाती फुगवून आत आलो.

आत दिया, तिची डायरेक्टर, डोकं धरून उभी होती. तिनं हळू आवाजात समजावलं. अख्खा शो बापलेकीच्या त्या भांडणावर रचलेला होता. तासाभरानं उर्वी म्हणणार होती, ‘बघितलंत ना मघाशी? मी काय करते ते बाबांच्या तोंडून अजूनही निघत नाही.’ म्हणून तर दोनच वाक्यं. एकेचाळीस गावांमध्ये तिच्या शोचा शेवट याच मुद्द्यावर व्हायचा आणि सर्वांत मोठा हशा तिथेच यायचा. मी तो शेवटच मारून टाकला होता.

पडद्याआडून मी तासभर बघत होतो. काय बोलते पोरगी! कुठे थांबायचं ते तिला इतकं अचूक कळतं की तिच्या नुसत्या गप्प राहण्याला लोक हसत होते. हरीश तर डोळे पुसत होता. मला मात्र फक्त तो शेवट जवळ येताना दिसत होता.

आला. उर्वी थांबली. हे थांबणं तिचं नेहमीचं नव्हतं, हे मलाही कळलं.

“इथे माझा एक जोक होता,” ती इंग्रजीत म्हणाली. “बाबांनी आज तो खोटा पाडला. तो कधीतरी खोटा पडावा म्हणूनच मी तो इतकी वर्षं सांगत होते. आता माझ्याकडे शेवट नाही. थँक यू.”

कुणी हसलं नाही. नऊशे माणसं उभी राहिली.

नंतर दियानं तोडगा काढला. प्रेक्षक अजून थिएटरमध्येच आहेत, बाबांचं भाषण काढून टाकू, शेवट पुन्हा घेऊ, हशा मिळेल. चॅनेलला तासाच्या वर एक मिनिटही चालणार नव्हतं. मी लगेच म्हटलं, माझं काढा. मनापासून म्हटलं.

उर्वीनं माझं कोपर घट्ट धरलं.

“नाही. बाबांचं भाषण ठेवायचं. सगळं,” ती म्हणाली. “सहा मिनिटं माझ्यातली कापा.”

दिया तिच्याकडे बघतच राहिली. त्या एका तासासाठी पोरीनं सात वर्षं घातली होती. मी तिथेच, वायरींच्या जंजाळात उभा राहून सगळ्यांदेखत रडलो.